अकरा निळी पिंपं

धान्याच्या गोदामात बावीस वर्षं औषध फवारणाऱ्या त्या बाईला सगळे मावशी म्हणायचे. तिच्याहून वयाने मोठा असलेला मुकादमही तिला मावशीच म्हणायचा. फवारणाऱ्या प्रत्येकाकडे प्रशिक्षणाचा दाखला हवा असा नवा नियम आला, आणि बावन्नाव्या वर्षी मावशी पुन्हा वही-पेन घेऊन बाकावर बसली. सहा आठवड्यांचा वर्ग होता, रोज दुपारी. शिकवणाऱ्या बाई तिच्या लेकीच्या वयाच्या होत्या.

‘ही पोर मला काय शिकवणार,’ असं म्हणत गेलेली मावशी आठवडाभरात चाट पडली. उंदराला घातलेलं औषध उंदरात थांबत नाही, उंदीर खाणाऱ्या घुबडात जातं. भिंतीवर मारलेलं पावसाबरोबर मातीत जातं, मातीतून गांडुळात. “टाकलं म्हणजे गेलं, असं कधीच नसतं,” बाई म्हणाल्या. “ते फक्त इथून तिथे जातं.” मावशीने हे वाक्य वहीत उतरवलं आणि खाली दोन रेघा मारल्या. त्या संध्याकाळी गोदामामागच्या गटाराजवळ ती उगाच उभी राहिली. इथे बेडूक का ओरडत नाहीत, हे तिला बावीस वर्षांत पहिल्यांदाच खटकलं.

मग कचऱ्याचा धडा आला. “घरात आपण काय काय पुन्हा वापरतो?” बाईंनी विचारलं. कुणी बाटल्या म्हणालं, कुणी जुने कपडे. मावशी उभी राहिली. या परीक्षेत तरी आपला पहिला नंबर, असं तिला वाटलं.

“औषधाची रिकामी पिंपं. साठ लिटरची, निळी. मी एकसुद्धा फेकू दिलं नाही. सोडा घालून धुते, तीन दिवस उन्हात ठेवते आणि गरजवंताला देते. आजवर अकरा दिली.”

सगळ्यांनी बाकं वाजवली. बाईंचा खडू मात्र फळ्यावर जिथे होता तिथेच थांबला.

“कशाला वापरतात ती, मावशी? धुण्याभांड्याला?”

“छे! प्यायचं पाणी भरायला. जाडजूड पिंप, वर घट्ट झाकण. नळाला एकवेळ पाणी येतं, मग साठवायचं कशात?”

“वास गेला की औषध गेलं, असं वाटतं ना?” बाई हळू बोलल्या. “पण प्लास्टिक औषध पिऊन घेतं, मावशी. कितीही धुवा, ते थोडंथोडं पाण्यात उतरत राहतं. त्या पिंपांना भोकं पाडून ती कंपनीला परत द्यायची असतात.”

मावशीला पुढचं ऐकू आलं नाही. पहिलं पिंप तिने लेकीला दिलं होतं, चार वर्षांपूर्वी, तिने नवं बिऱ्हाड मांडलं तेव्हा. त्यानंतर वर्षाने नात झाली होती. दुधाची बाटली त्याच पाण्याने विसळली जायची.

ती वही तिथेच टाकून निघाली. बसमध्ये जागा असूनही तिला बसवेना. नातीची प्रत्येक बारीकसारीक तक्रार तिच्यासमोर उभी राहू लागली. गेल्या महिन्यातला खोकला, कोपरावरचं पुरळ, उशिरा चालायला लागणं. काल जे साधं दुखणं होतं, त्याला आज दात फुटले होते. दांडा धरलेल्या आपल्या हातांकडे ती पाहत राहिली. याच हातांनी आपण पिंप डोक्यावर घेऊन जिना चढलो, जावयाने नको नको म्हटलं तरी ऐकलं नाही, हे तिला आठवलं.

दार उघडंच होतं. तीन वर्षांची नात स्टुलावर चढून पिंपात तांब्या बुडवत होती.

“ठेव तो!” मावशी एवढ्या मोठ्याने ओरडली की पोरीच्या हातून तांब्या पडला आणि तिने भोकाड पसरलं. लेक आतून धावत आली.

“आई! अगं, काय झालं?”

मावशीच्या तोंडून खरं निघेना. “पिंप फुटलंय,” ती म्हणाली आणि तिने ते कलतं केलं. पाणी सगळ्या फरशीवर धावलं. लेकीने वाकून तळाशी हात फिरवला.

“कुठे फुटलंय?”

मावशी ओल्या फरशीवरच खाली बसली आणि सांगितलं. लेक नातीला कडेवर घेऊन ऐकत होती. ऐकता ऐकता तिने पोरीचं डोकं स्वतःच्या खांद्यात दाबून धरलं. मावशीपासून लपवावं तसं. ते मावशीला दिसलं.

“चार वर्षं, आई,” लेक एवढंच म्हणाली. मग तिने विचारलं, “बाकीची कुणाकडे आहेत?”

त्या पिंपाच्या तळाशी उरलेलं पाणी बाईंनी तपासायला पाठवलं. आठ दिवस मावशीचा जीव टांगणीला लागला होता. अहवालात औषधाचा अंश निघाला, थोडा, पण निघाला. डॉक्टरांनी नातीचं रक्त तपासलं आणि म्हणाले, “आज काही दिसत नाही. दर सहा महिन्यांनी दाखवत राहा.” बाकीच्यांना त्यातलं ‘काही दिसत नाही’ ऐकू आलं. मावशीला ‘आज’ ऐकू आलं.

मग ती दारोदार फिरली. शिंप्याच्या बायकोने पिंप बाहेर ढकललं, दोन्ही हात जोडले आणि दार लावून घेतलं. एक म्हातारा हसला, “दिलेली वस्तू परत मागतेस? मला आता कुठलं विष चढणार!” मावशीने त्याच्यासमोर नवी कळशी ठेवली आणि पिंप ओढतच बाहेर आणलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी आपल्या पोरांची दुखणी मोजून दाखवली. तिने सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. दहा पिंपं जमली. बाईंनी वर्गासमोर त्यांना भोकं पाडायला लावली. पहिलं भोक मावशीने पाडलं.

अकरावं कुणाला दिलं ते काही आठवेना. शेवटी गोदामाच्या पहारेकऱ्याने आठवण करून दिली. मावशीच्याच घराखालच्या खोलीत भाड्याने राहणारं नवं जोडपं. पोरीला तेव्हा सातवा महिना लागलेला. ते घर सोडून गेले होते, आणि सामान नेणाऱ्या टेम्पोवाल्याला फक्त गल्ली आठवत होती, घर नाही.

तीन रविवार मावशीने ती गल्ली पिंजून काढली. खिडकीत निळं काही दिसलं की तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. बहुतेक ती बादली असायची.

तिसऱ्या रविवारी एक दार उघडलं आणि तीच पोर समोर उभी, काखेत बाळ.

“अगंबाई, मावशी! किती शोधत आलात! या, या. घामाघूम झालात नुसत्या.”

मावशीला बोलायची सवड न देता ती आत वळली. मोरीजवळच्या निळ्या पिंपाचं झाकण तिने एका हाताने काढलं, पेला बुडवला आणि काठोकाठ भरून मावशीपुढे धरला. “तुमच्याच पिंपातलं बरं का, थंडगार.” बाळ पेल्याकडे झेपावत होतं.

मावशीने पेला घेतला. पाण्याला कसलाच वास नव्हता.

तिने पेला खाली, बाळाच्या हाताला लागणार नाही असा ठेवला.

“पोरी, आधी बस,” ती म्हणाली. “मला तुला काहीतरी सांगायचंय.”