वाकलेला हात

सून एकाच हाताने कपडे वाळत घालत होती. डावा हात बाळंतपणापासून छातीशी वाकलेला, सरळ होईना. सासूबाई खिडकीआडून बघत होत्या. कुणी बघत नसलं की सोंग गळून पडेल, असा त्यांचा हिशेब. पण हात काही सुटत नव्हता, आणि त्याचाच त्यांना जास्त संशय येत होता.

हाडांच्या डॉक्टरांना एक्स-रे फोटोत काही सापडलं नाही. त्यांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं.

"तुम्ही आधी दवाखान्यात व्यायाम शिकवायचात म्हणे," सासूबाईंनी बसल्या बसल्या तोफ डागली. "हातपाय वळवणाऱ्यांना मनातलं काय कळणार?"

"हातपाय वळवतानाच कळायला लागलं, आई." बाई हसल्या. "प्लास्टर निघायचं, हाड जुळलेलं असायचं, तरी काहींचे खांदे सैल पडायचे नाहीत. मग मी विचारायला लागले, पडलात तेव्हा घरात काय चाललं होतं? त्यासाठी पुन्हा शिकले. बाळाचं काय झालं?"

सुनेच्या आधी सासूबाईच बोलल्या, "जन्मलं, रडलं नाही, संपलं. आमच्याकडे अशा गेलेल्याचा विषय काढत नाहीत. आईनं टिपूसही गाळायचं नाही, पुढच्या बाळावर सावट पडतं."

"तुम्ही जरा बाहेर बसाल?"

"का? आमच्या नावानं खडे फोडायला?"

बाहेर बसल्या, पण दार पुरतं लावलं नाही. आता निघतील आपली उणीदुणी, म्हणून कान टवकारले. आत मात्र सासूचं नावही नव्हतं.

"हात सरळ करू नका," बाई म्हणत होत्या. "आहे तसा राहू दे. श्वास सावकाश सोडा. हा हात काय करतोय?"

सासूबाईंनी फटीतून पाहिलं. सुनेनं खुर्चीवरची शाल गुंडाळून कोपराच्या खळग्यात ठेवली. अगदी नेमकी बसली.

"धरायचं राहिलं," सून म्हणाली. "मला एकदाही हातात दिली नाही."

सासूबाईंनी दार ढकललं. "पुरे! चल घरी." पण पाऊल उंबऱ्यातच अडलं. तिला दाखवू नका, असं नर्सला सांगणाऱ्या त्याच होत्या. त्यांचं स्वतःचं बाळ असंच गेलं, तेव्हा त्यांच्या सासूनंही हेच सांगितलं होतं.

सुनेनं मान वर केली. "आई, तुम्ही पाहिलंत ना तिला? कशी होती?"

घराण्यात हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. सासूबाई भिंत धरून खाली टेकल्या.

"केस भरपूर होते गं. हनुवटी तुझी. मी घेतलं होतं क्षणभर. एवढीशी, पण हाताला वजन लागलं." मग फार हळू म्हणाल्या, "माझा मुलगा कसा होता, ते तर मला कुणी सांगितलंच नाही."

सून हमसून रडली. कुणी तिला गप्प केलं नाही. शालीवरची बोटं जराशी सैल झाली.

घरी सासूबाईंच्या मुलानं दारातच विचारलं, "काय म्हणाल्या बाई? नाटकच ना?"

सासूबाईंनी चपला काढल्या, सुनेला खुर्ची दिली.

"तुला मुलगी झाली होती," त्या म्हणाल्या. "बस इथं. कशी दिसत होती ते सांगते."