हळद लागलेला कराटे ड्रेस

तंजावूरच्या मराठी माणसाच्या रक्तातच शौर्य असतं. आपले पूर्वज तलवार घेऊन कावेरीपर्यंत आले, हे जयतीर्थराव विमा ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. तलवार दुसऱ्यांच्या हातात होती. जयतीर्थरावांचे पूर्वज मागून बैलगाडीत बसून आले आणि घोड्यांच्या हरभऱ्यावर देखरेख करत राहिले. पुढे घोडे गेले, हरभरा गेला आणि घराणं नोकरीला लागलं. मधल्या तीनशे वर्षांत घरात कोणी डासापलीकडे कोणावर हात उगारल्याचं ऐकिवात नाही.

म्हणून त्यांची बायको विनुता जिल्हा कराटे स्पर्धेत उतरणार म्हणाली, तेव्हा जयतीर्थरावांना आधी अभिमान वाटला आणि मग ती खरंच म्हणतेय हे कळलं.

विनुता शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं होतं. चालण्याच्या वाटेवर एक कल्याणमंडप होता आणि त्याच्या जेवणाच्या हॉलमध्ये प्रवीणकुमार मास्टरांचा कराटे क्लास चाले. लग्न असलं की क्लास बंद. त्यामुळे तिचा खरा अभ्यास आडि आणि मार्गळी या दोन तमिळ महिन्यांत झाला. तेव्हा चांगल्या घरात कोणी लग्न करत नाही. अशी तीन वर्षं गेली. पट्ट्याचा रंग बदलत गेला, पण चारचौघांसमोर, पंच लावून, एकही लढत झाली नाही. कारण ड्रेस. तिचा ड्रेस मास्टरांच्या धाकट्या भावाचा होता आणि बाह्या दोनदा दुमडल्याशिवाय तिचे हात दिसत नसत. दुमडलेली बाही स्पर्धेत चालत नाही. दोनदा ती दारातूनच परत आली होती. जिंकायचंच, असं तिचं म्हणणं नव्हतं. एकदा कोणीतरी समोर उभं राहावं आणि पंचाने "सुरू करा" म्हणावं, इतकंच.

बसस्टँडजवळच्या खेळाच्या दुकानात सगळे ड्रेस उंचीच्या आकड्याने लावलेले होते. विनुता उंचीने नववीतल्या मुलीएवढी आणि रुंदीने नववीच्या वर्गशिक्षिकेएवढी. उंचीचा घातला तर पट्ट्याची गाठ बसेना, रुंदीचा घातला तर पायजम्यात पाय सापडेनात. एक परदेशी ड्रेस अंगाला बरा बसला. त्याची किंमत ऐकून सासूबाई चंद्रमती दुकानातच बाकावर बसल्या. तेवढ्यात जरीची साडी येते, असं त्यांनी दुकानदाराला तमिळमध्ये आणि सुनेला मराठीत सांगितलं. मग अंगरख्याचं दोन्ही बाजूंनी परीक्षण करून म्हणाल्या, "पट्टा आहे. पदर कोठे आहे ग ह्याला?"

शेवटी सगळी राजवाड्यामागच्या गल्लीत रघोजी टेलरकडे गेली. रघोजीने या घरातल्या तीन पिढ्यांची ब्लाऊजं शिवली होती. शाळेच्या गणवेशाचं जाड पांढरं ड्रिल त्याच्याकडे होतंच. नेहमीच्या रिवाजाने त्याने मापाचं ब्लाऊज मागितलं आणि नेहमीच्या रिवाजाने विनुताने ते दिलं. इथेच घोळ झाला. ड्रेस तयार झाला तो इतका बेतशीर, की त्यात नटून लग्नाला जाता आलं असतं. फक्त हात खांद्याच्या वर जाईना.

रघोजीचं म्हणणं असं, की बाईमाणसाचा हात खांद्याच्या वर फक्त माळ्यावरचा डबा काढताना जातो आणि तेवढ्यापुरतं स्टूल मिळतं.

"अक्का, फिटिंग पाहिजे की मारामारी?" त्याने विचारलं. "दोन्ही एका कापडात बसत नाहीत."

विनुताने उत्तरादाखल एक ठोसा हवेत मारून दाखवला. काख फाटली आणि बटणांचा डबा खाली आला. बटणं वेचता वेचता रघोजीला विषय समजला. त्याने काखेत चौकोनी तुकडे घातले, मांड्यांना जागा दिली आणि बाह्या मुद्दाम दोन बोटं लांब ठेवल्या. ड्रिल पहिल्या पाण्यात आटतं, एकदा धुऊनच घाला, असं बजावलं. परदेशी ड्रेसच्या मानाने खर्च इतका कमी आला, की चंद्रमतींचा संशय वाढला.

नवं कापड आमच्याकडे हळद लावल्याशिवाय अंगाला लावत नाहीत. एरवी कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही असा एक ठिपका पुरतो. चंद्रमतींनी विचार केला, ड्रेस मारामारीचा आहे, ठिपक्याने काय होणार? त्यांनी चार बोटं भरून हळद घेतली आणि गळ्याच्या पट्टीखाली, बरोबर छातीवर, चांगली चोळली. संध्याकाळी विनुता शाळेतून आली आणि रघोजीच्या सांगण्याप्रमाणे ड्रेस सोड्याच्या पाण्यात टाकला. हळदीला सोडा लागला की ती लाल होते, हा प्रयोग ती दर वर्षी सातवीला करून दाखवते. बादलीत बघेपर्यंत तिला तो आठवला नाही.

ड्रेस वाळला तेव्हा अंगात असा बसला, की बाही मनगटावर येऊन थांबली. छातीवर मात्र कोणीतरी तिला आधीच भोसकल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धा होती.

पंचेचाळिशीच्या वरच्या महिलांचा गट सगळ्यांत शेवटी होता आणि त्यात दोघीच होत्या. समोर कुंभकोणमच्या पोस्टातल्या एक उंच बाई उभ्या राहिल्या. पंचांनी विनुताकडे पाहिलं आणि लढत सुरू व्हायच्या आत डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी जखम शोधली, मिळेना. मग डाग हुंगला आणि घरी आई असलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "मंजळ." हळद. पंच खजील झाले. त्यांच्याही लग्नातल्या वेष्टीला, म्हणजे धोतराला, ती होती.

पण एकदा कपड्यांकडे लक्ष गेल्यावर ते थांबेना. पोस्टातल्या बाईंच्या बाह्या दुमडलेल्या होत्या. ड्रेस कोरा, बिनधुतलेला, गळ्याशी हळदीचा पिवळाधमक ठिपका. बाह्या सोडल्या तर बोटांच्या खाली लोंबत होत्या. पिन चालणार नाही, धातू नको, असं पंच म्हणाले. पाच मिनिटांत बाही बरोबर करा, नाहीतर बाद.

पोस्टातल्या बाई बाह्या नुसत्या खालीवर करत राहिल्या. दारातून परत जातानाचा तो चेहरा विनुताच्या ओळखीचा होता.

प्रेक्षकांत जयतीर्थरावांना राजयोग दिसू लागला. हात न उगारता सुवर्णपदक, म्हणजे अगदी घराण्याला शोभेल असं. त्यांनी विनुताला खुणेने स्वस्थ बसायला सांगितलं. मास्टरांनीही तीच खूण केली.

विनुता सासूकडे वळली. "अम्मा, सुई आणली आहे ना?"

आणलीच होती. रघोजीच्या काखेवर चंद्रमतींचा काडीचा विश्वास नव्हता. पर्समध्ये सुई आणि पांढरा दोरा घेऊनच त्या बसमध्ये चढल्या होत्या.

"कोणाची शिवायची?"

"त्यांची."

"वेड लागलंय काय की हिला," चंद्रमती शेजारणीला म्हणाल्या आणि उठल्या. जयतीर्थरावांनी पदर धरला, तेव्हा त्यांनी लेकाला ऐकवलं, "सोड रे. दोन बस बदलून आले ते हिला उभी बघायला काय? उभी तर ती स्वयंपाकघरातही असते."

मग मॅटच्या कडेला मांडी ठोकून त्यांनी शत्रूच्या दोन्ही बाह्या आतून लांब टाक्यांनी पकडून दिल्या. टाके घालताना नवं कापड न धुता घातल्याबद्दल बाईंना तमिळमध्ये चार शब्द सुनावले. बाई म्हणाल्या, "हे माझ्या सासूला सांगा." दोरा दाताने तोडून चंद्रमती जागेवर येऊन बसल्या.

पंच म्हणाले, "सुरू करा."

विनुता आठ-शून्यने हरली. दोघींपैकी कोणाचाही ड्रेस उसवला नाही.