पिवळ्या खणाची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. कडा गंजल्या आहेत, झाकणावरच्या दोन बदकांपैकी एकाचं डोकं पुसलं गेलंय. पण नाकं मुरडू नका. ज्या घरात मी आहे, त्या घरात माणसं आजारी पडली की आधी मला हाक जायची, मग डॉक्टरांना. एवढा मान तुमच्या चकचकीत प्लॅस्टिकच्या डब्यांना कुणी दिलाय का, सांगा बरं!

माझा जन्म बिस्किटांच्या कारखान्यातला. मोठ्या यंत्राने पत्रा दाबला, दुसऱ्याने रंग दिला, आणि पोटात बिस्किटं भरून मी दुकानात गेले. या घरात आले ती पहिल्या बाळंतपणाची भेट म्हणून. बिस्किटं दोन दिवसांत फस्त. रिकामी पेटी उचलून घरधन्याने आपल्या टेबलावर नेली. तो घड्याळं दुरुस्त करणारा. बोटं अशी, की तांदळाएवढा स्क्रूही त्यांच्यात लाजून गप्प बसावा. त्याने माझ्या पोटात स्क्रू ठेवायला पातळ पत्र्याचे पाच खण कथील वितळवून डाखले. एकसारखे, काटकोनात. तेव्हापासून मी स्वतःला साधी पेटी समजलेच नाही.

पुढे त्याला नवं कपाट मिळालं आणि मी स्वयंपाकघरात त्याच्या बायकोच्या हाताखाली गेले. तिला सगळी गल्ली बाईसाहेब म्हणते. शाळेत ती जेमतेम दोन वर्षं गेली. मोठी अक्षरं लावून लावून वाचते, बारीक छपाई दिसली की म्हणते, "मुंग्या चिरडल्यासारखं लिहिलंय मेल्यांनी." पण घर कसं चालवावं हे तिला कुणी शिकवायला नको. तिची जीभ सुरीसारखी, हात मात्र लोण्यासारखा. घरातल्या चार माणसांच्या, म्हणजे दोघा नवरा-बायकोच्या आणि थोरल्या मुला-सुनेच्या, गोळ्या तिने माझ्या खणांत रंगावरून लावल्या. पांढऱ्या हाडांच्या. लाल रक्ताच्या. पिवळ्या सांध्यांच्या. बाटली आली की ती गोळ्या माझ्यात ओतायची आणि रिकामी बाटली सुया-बटणांना द्यायची. "बाटल्या जागा खातात आणि धूळ धरतात," असं तिचं म्हणणं. सकाळी झाकण उघडायचं, चौघांच्या तळहातांवर गोळ्या ठेवायच्या, काम फत्ते. शेजारणी बघायला यायच्या. "काय बाई शिस्त!" म्हणायच्या. मी खरं सांगते, माझी बदकंसुद्धा तेव्हा मान ताठ करून बसायची.

गर्वाचं घर खाली, म्हणतात ते उगीच नाही.

झालं असं. घड्याळवाल्यांचे गुडघे कुरकुरायला लागले. थोरला मुलगा ऑफिसातून एक बाटली घेऊन आला. त्याच्या ओळखीचा एक गोडबोल्या विक्रेता होता, त्याने दिलेली. वर ठळक अक्षरांत 'हाडांची ताकद' असं छापलेलं, शेजारी पळणाऱ्या माणसाचं चित्र.

"आई, एकदम नैसर्गिक आहे. अपाय होणारच नाही," मुलगा म्हणाला.

"वाचलंस का नीट?"

"वाचलं की. हे काय, एवढं मोठं लिहिलंय."

त्याने पुढचं वाचलं. मागचं कुणीच वाचलं नाही. आत पिवळ्या, मऊ, चकाकणाऱ्या कॅप्सूल होत्या. माझ्या पिवळ्या खणात आधीपासून माशाच्या तेलाच्या होत्या, त्याही तशाच. बाईसाहेबांनी नेहमीसारखी बाटली माझ्यात ओतली. पिवळ्यात पिवळं मिसळलं. मलाही फरक कळला नाही, मित्रांनो. पत्र्याला कुठून कळणार?

पिवळी घेणारे घरात एकटे घड्याळवालेच, ते रोज घेत राहिले. बाईसाहेब हात भरून वाढणाऱ्या, म्हणून एकाच्या दोन. दोन-अडीच महिने गेले.

आधी त्यांची तहान वाढली. पाण्याचा जग भरला की रिकामा. मग जेवणावरची वासना गेली, पोट साफ होईना, दुपारभर पडून राहू लागले. बाईसाहेब म्हणाल्या, "अशक्तपणा आहे," आणि पांढरीही वाढवली. मग एका सकाळी शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईचं घड्याळ घेऊन ते टेबलाशी बसले. ज्या हातांनी माझे खण काटकोनात डाखले, ते हात स्क्रू धरून तसेच राहिले. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि विचारलं, "अगं, हे काय असतं? कुठे लावायचं?"

बाईसाहेबांनी सुनेला रिक्षा आणायला पिटाळलं.

दवाखान्यात सुनेने मला पिशवीत घालून नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, पण पोक्त. तिने झाकण उघडलं.

"या कोणत्या गोळ्या, आजी?"

"पांढऱ्या हाडांच्या, लाल रक्ताच्या, पिवळ्या सांध्यांच्या," बाईसाहेब पोपटासारख्या म्हणाल्या.

"हा रंग झाला. नाव काय? ताकद किती? कितीदा घ्यायच्या?"

माझे पाचही खण उघडे पडले होते, आणि एकाही गोळीला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. तिथे माझी ऐट संपली.

तेवढ्यात सून उठली, घरी गेली आणि ती 'हाडांची ताकद'वाली, आता बटणांनी भरलेली बाटली घेऊन आली. बटणं टेबलावर ओतून तिने मागची मुंग्यांसारखी अक्षरं वाचली. मोठ्या मात्रेचं ड जीवनसत्त्व. आठवड्यातून एकच, तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. रक्त तपासलं तर त्यातलं कॅल्शियम नको तितकं वर गेलेलं. हाडांच्या नादात मूत्रपिंडांवर बेतलं होतं.

मुलगा मान खाली घालून म्हणाला, "चूक माझी. मीच आणली."

"तू गप बैस," बाईसाहेब म्हणाल्या. "आणली तू, पण बाटलीतून काढून तिचं नाव पुसलं मी. वर दोन-दोन भरवल्या. डॉक्टरीणबाई, माझ्या हातून झालंय. आता माझा माणूस मला सरळ करून द्या."

मी त्या घरात तीस-पस्तीस वर्षं आहे. बाईसाहेबांचे नाना अवतार पाहिलेत. पण त्या दिवशी, सुनेसमोर, मुलासमोर, नर्ससमोर उभं राहून चूक कबूल करताना त्या मला जेवढ्या मोठ्या दिसल्या, तेवढ्या कधी दिसल्या नाहीत.

गोळ्या बंद झाल्या. सलाइन लागलं, रोज रक्त तपासलं गेलं. आठ दिवसांनी घड्याळवाल्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हटलं, "चार मिनिटं मागे आहे." बाईसाहेबांनी पदर तोंडाला लावला. पूर्ण बरं व्हायला मात्र पुढे कित्येक आठवडे गेले.

घरी आल्यावर बाईसाहेब उगाच रडत बसल्या नाहीत. घरातली प्रत्येक बाटली, पुडी, पट्टी पिशवीत भरून त्या कोपऱ्यावरच्या औषधवालीकडे गेल्या. मी काखेत होतेच. "मला वाचता येत नाही फारसं," त्या म्हणाल्या, "पण विचारता येतं. एकेक सांग, आणि कंटाळा केलास तर याद राख."

औषधवाली हसली, पण कंटाळली नाही. तासभर तिने एकेक बाटली उलटी करून मागचं वाचलं. तीन वेगळ्या नावांच्या बाटल्यांत तेच ड जीवनसत्त्व निघालं. एकीची मुदत संपलेली. एकीवर बनवणाऱ्याचा पत्ताच नाही. नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे, हे तिनेच समजावलं, आणि रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या वाटणाऱ्या पुडीचंही डॉक्टरांना आधी सांगायचं, हेही.

"आणि काय कमी आहे हे तपासल्याशिवाय भरायला जाऊ नका, आजी."

"म्हणजे भांडं न बघता पाणी ओतू नको," बाईसाहेब म्हणाल्या. "कळलं. असं सोपं बोलत जा."

महिन्याभराने तो गोडबोल्या विक्रेता स्वतः दारात आला. नवीन बाटली. गुडघे, केस, झोप, पचन, स्मरणशक्ती, सगळ्यावर एकच.

"सगळ्यावर?" बाईसाहेबांनी चष्मा लावला. "मग माझ्या मुलाचा आळसही जाईल का रे?"

"आजी, तुम्ही पण ना!"

"यात काय आहे, किती आहे, कुणी तपासलंय? मागचं वाच. पुढचं मला वाचता येतं."

त्याने बाटली उलटी केली, वाचायला लागला, अडखळला, आणि पाणी मागितलं. पाणी मिळालं. बाटली मात्र परत गेली.

आता माझ्यात एकही सुटी गोळी नाही. गोळ्या आपापल्या बाटलीत, आपल्या नावासकट, वरच्या फळीवर असतात. माझ्या एका खणात सुनेने लिहिलेला कागद असतो. कोण काय घेतो, किती, कधी, कुणाच्या सांगण्यावरून. डॉक्टरांकडे जाताना तो कागद जातो. बाकीचे तीन खण पुन्हा स्क्रूंना मिळाले.

पिवळा खण घड्याळवाले काढून टाकणार होते. डाख वितळवायची डाखणी हातात घेऊन विचारत होते, "काढू का गं?"

"नको," बाईसाहेब म्हणाल्या. "राहू द्या रिकामा. मला तो दिसायला हवा."

म्हणून तो रिकामाच आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी पेटी असेल. तिला छान पुसा, हवी तर कौतुक करा, पण बाटलीचं नाव फाडून तिच्यात गोळ्या ओतू नका. आम्ही पत्र्याच्या, दिलं ते सांभाळतो. काय दिलं, ते तुम्हीच वाचायचं.

काल शिवणकामवाल्या बाईंचं घड्याळ दुरुस्त झालं. घड्याळवाल्यांनी न बघता माझ्यात बोट घातलं आणि हवा तोच स्क्रू उचलला.