नाव त्यांचं, फोन माझा

पेंटरच्या बायकोला जाऊन वर्ष होत आलं, तरी तिचा टॉवेल बाथरूमच्या दोरीवरच होता. तो काढायला पेंटरचा हात धजत नव्हता. स्वतः तो गार पाण्याने अंघोळ करायचा. भिंतीवर गीझर होता तिथे आता चार भोकं आणि एक काळा डाग उरला होता. गीझर कोर्टात जमा होता.

गीझरचं नाव ऊबधारा. गॅसवर चालणारा. जळलेला वायू बाहेर जायला त्याला पाइप असतो, आणि पाइप तुंबला तर ज्योत आपोआप विझावी म्हणून आत एक खटका असतो. पाइप तुंबला, खटका पडला नाही. त्या वायूला ना वास, ना रंग. बाई अंघोळीला गेली आणि दार आतून बंदच राहिलं.

तेव्हा कंपनीचा साहेब फुलं घेऊन घरी आला होता. खुर्चीला रंग ओला असावा तसा टोकावर बसला. म्हणाला, "फार वाईट झालं. पण असा दोष आजवर एकाही ग्राहकाने कळवलेला नाही. तुमची खिडकी बंद असेल."

पेंटरने खटला भरला, तेव्हा हेच वाक्य कंपनीने ग्राहक कोर्टात शपथेवर लिहून दिलं. पेंटरने ते इतक्यांदा वाचलं की रंग ढवळतानाही तोंडात यायचं. एकाही ग्राहकाने. एकाही ग्राहकाने. तो साहेब, ती फुलं आणि ते वाक्य, तिघांना एकाच डब्यात कोंबून वर झाकण ठोकावं, असं त्याला वाटायचं.

दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. आणि मेख अशी की गावात ऊबधाराच्या जितक्या पाट्या होत्या त्यातल्या बहुतेक त्यानेच रंगवल्या होत्या. पाण्याच्या थेंबात पिवळी ज्योत, खाली निळी जाड अक्षरं. आता ज्या रस्त्याने जावं तिथे आपल्याच हाताने काढलेलं वैऱ्याचं नाव दिसायचं. कुणाकडे बोट दाखवायची सोय नव्हती.

त्याच्या उस्तादाने त्याला एकच शिकवलं होतं. दुकान ज्याचं, अक्षर त्याचं. आपला हात दिसला की काम फसलं. पेंटरने जन्मभर ते पाळलं. बायको कधी कधी चहाचा कप शिडीपाशी ठेवून विचारायची, "सगळ्यांची अक्षरं काढता, तुमचं स्वतःचं कसं आहे हो?" तो म्हणायचा, "मला काय ठाऊक." ती म्हणायची, "एवढा मोठा पेंटर, आणि सही करताना अंगठाच शोभेल."

समोरच्या झेरॉक्सवाल्याने त्याच्या डोक्यात किडा सोडला. झेरॉक्सवाला फुकट चहा आणि फुकट सल्ला या दोन्हींचा शौकीन. त्याने कॉम्प्युटरवर काहीतरी शोधलं आणि म्हणाला, "हे बघ पेंटर. कंपनीने ऊबधारा डॉट कॉम घेतलंय. पण ऊबधारा-गीझर डॉट कॉम कुणीच घेतलेलं नाही. भर चौकातली रिकामी भिंतच समज."

"कुणीही घेऊ शकतं?"

"पहिला येईल त्याचं."

पेंटरला रिकामी भिंत म्हटलेलं कळलं. त्याने नाव घेतलं, आणि मग मेहुणीला सांगितलं. मेहुणी वकील होती, बायकोची धाकटी बहीण. पेंटरची केस तीच लढवत होती.

"भाऊजी, आधी विचारायचं की नाही?" ती म्हणाली.

"मोकळं होतं."

"रस्त्यावर उभी केली म्हणून दुसऱ्याची गाडी मोकळी होते का? त्या नावाचा ट्रेडमार्क आहे. ते नाव बघून लोक गीझर घेतात. तुम्ही ते कपाळावर लावून उभे राहिलात की ते म्हणणार, हा आमच्या नावावर लोकांना फसवतोय."

"मी काय विकतोय?"

"विकत नाही म्हणूनच थोडी जागा आहे. खरं बोलणाऱ्याचं तोंड कोर्ट सहसा दाबत नाही. पण बघणाऱ्याला पहिल्या नजरेत कळलं पाहिजे की हे कंपनीचं पान नाही. त्यांचं चिन्ह नको, त्यांचा रंग नको. वरच मोठं लिहा, हे एका ग्राहकाचं पान आहे. आणि त्यांच्याकडून कोणी विचारायला आलं की नाव विकता का, तर जीभ दाताखाली ठेवा. तुम्ही किंमत सांगितलीत की ठरलं, पैसे उकळायलाच घेतलं होतं."

"बरं."

"तुम्ही बरं म्हणालात म्हणजे ऐकणार नाही. ताई सांगायची."

ताईला तिचा नवरा पुरता माहीत होता. पेंटरने पत्र्याचा तुकडा घासला, पांढरा हात दिला आणि त्यावर ऊबधारा लिहिलं. थेंब, ज्योत, निळी जाड अक्षरं, सगळं कंपनीच्या मापात. झेरॉक्सवाल्याने त्याचा फोटो काढून पानाच्या माथ्यावर लावला. खाली पेंटरने एकच ओळ लिहायला सांगितली: 'गीझरची तक्रार आहे? फोन करा. इथे माणूस उचलतो.' आणि स्वतःचा नंबर. कंपनीच्या नंबरावर त्याने बायको गेल्यावर कितीदा फोन केला होता, आणि दर वेळी फक्त वाट बघायला लावणारी सनई ऐकली होती. बायकोचा फोटो आणि झालेली हकिगत पार तळाला होती.

"फोटो वर घेऊ का?" झेरॉक्सवाल्याने विचारलं.

"नको. आधी आत येऊ दे त्यांना," पेंटर म्हणाला. "चेहरा त्यांचा राहू दे. तोंड माझं."

तळापर्यंत कोणी गेलंच नाही. लोकांनी वरचा नंबर पाहिला आणि फोन केला.

पहिला एक सलूनवाला होता. "अहो, मागच्या खोलीत गिऱ्हाइकांची डोकी धुवायला तुमचा गीझर लावलाय. काल माझा कारागीर तिथे मटकन खाली बसला. माणूस पाठवा."

पेंटरच्या हातातला ब्रश तसाच राहिला. मग तो म्हणाला, "आमचा माणूस आला तर तोही बसेल. गॅस बंद करा आणि तो डबा भिंतीवरून उतरवा."

"तुम्ही कंपनीचेच ना?"

"कंपनीला माझ्याइतकं कोण ओळखतं?"

फोन ठेवल्यावर कित्येक महिन्यांनी त्याला भूक लागली. मग फोन येतच राहिले. एक शाळेतली बाई म्हणाली, अंघोळ करून आलं की डोकं गरगरतं, डॉक्टर म्हणतात रक्त कमी आहे. पेंटरने सांगितलं, रक्त कमी नाही, आमची लाज कमी आहे, गीझर काढा. एकाने विचारलं, "कंपनी स्वतःच्या मालाबद्दल असं कसं बोलते?" पेंटर म्हणाला, "म्हातारपणी खरं बोलावंसं वाटतं." एकेक गीझर भिंतीवरून उतरतोय असं तो मनात बघायचा, आणि साहेबाच्या तोंडावरचं एकेक कातडं सोलल्यासारखं त्याला वाटायचं.

ज्यांनी गीझर उतरवले ते विक्रेत्यांकडे गेले. म्हणाले, तुमच्याच माणसाने काढायला सांगितला, आता पैसे परत करा. विक्रेत्यांनी कंपनीला विचारलं, कोण हा माणूस? आणि नोटीस आली.

मेहुणीने ते पान तेव्हा पहिल्यांदा उघडलं.

"चिन्ह नको म्हणाले होते ना मी?"

"मला ते नाव दुसऱ्या अक्षरात लिहिताच येत नाही," पेंटर म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. "ऊबधारा म्हणजे असंच. हुबेहूब झालंय ना?"

"फारच हुबेहूब झालंय. त्यानेच मरणार आहोत." तिने चष्मा काढला. "टीका करणाऱ्याची बाजू मांडता आली असती, भाऊजी. तुम्ही बहुरूपी झालात."

"नावाला मालक असतो हे कोण लक्षात ठेवतं?" झेरॉक्सवाल्याने मध्येच तोंड घातलं.

"तुमच्या पाटीवर जो 'झेरॉक्स' शब्द आहे ना, तोही एका कंपनीच्या मालकीचा आहे," मेहुणी म्हणाली. झेरॉक्सवाला उठून आपल्या दुकानात गेला, आणि जाताना पाटीकडे बघून गेला.

मग साहेब पुन्हा आला. या वेळी फुलं नव्हती. खुर्चीत पाठ टेकून बसला. "कशाला कोर्टकचेरी? नाव आमच्या हवाली करा. त्याबद्दल काय घेणार, मोकळेपणाने बोला."

त्याचा मोबाइल टेबलावर पालथा ठेवला होता. पेंटरने एकदा त्याकडे पाहिलं, एकदा साहेबाकडे.

"बायको," तो म्हणाला.

साहेबाने मोबाइल उचलून खिशात घातला.

कंपनीने नावाबद्दल वेगळा खटला भरला. सुनावणीच्या दिवशी कंपनीच्या वकिलाने तो पत्राच कोर्टात मागवला. न्यायाधीशबाईंनी पत्रा आणि कंपनीचं चिन्ह शेजारी ठेवून बघितलं, आणि विचारलं, "यातलं कंपनीचं कोणतं?" वकील हसला. पेंटरला मात्र आत कुठेतरी बरं वाटलं, आणि लगेच त्याचा रागही आला.

लोकांची फसगत झाली हे दाखवायला कंपनीने साक्षीदार आणले होते. सलूनवाला, शाळेतली बाई आणि आणखी दोघं. वकिलाने प्रत्येकाला तेच विचारलं. हे पान कंपनीचं वाटलं? वाटलं. नंबर कंपनीचा वाटला? वाटला. म्हणून फोन केला? हो, म्हणूनच केला. वकील प्रत्येक होकाराला मान डोलवत होता. साहेब मागच्या बाकावर पायावर पाय टाकून बसला होता.

पेंटर मेहुणीला हळूच म्हणाला, "आपण गेलो."

"गेलोच आहोत," ती म्हणाली. "पण रिकाम्या हाताने कशाला जायचं?" आणि उठली.

"मी एकच विचारते," ती सलूनवाल्याला म्हणाली. "तुम्ही कंपनीला फोन केला असं समजलात. बरोबर. कशासाठी केला होता?"

कंपनीचा वकील उठला. "हा या खटल्याचा विषय नाही."

"गोंधळ झाला असं तुम्हीच म्हणताय," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "कशाबद्दल फोन करताना झाला, ते ऐकू. बोला."

सलूनवाल्याला बोलायला सांगावं लागत नसे. "माझा कारागीर पडला ना बाईसाहेब. पाइप तुंबलेला, आणि ज्योत आपली चालूच. त्याआधी कंपनीच्या खऱ्या नंबरावर किती फोन केले. सनई वाजते. मला वाटलं कुणाचं लग्न आहे."

कोर्टात कुणीतरी खोकल्याचं सोंग घेतलं. पेंटरने बाकाची कड घट्ट धरली.

शाळेतली बाई म्हणाली, तिने दोनदा पत्र लिहून कळवलं होतं, गरगरतं आणि ज्योत विझत नाही. पोच आली, माणूस आला नाही. उरलेल्या दोघांचंही तेच. तुंबलेला पाइप, न पडणारा खटका, आणि ऐकायला कोणी नाही. चौघेही कंपनीचे साक्षीदार. कंपनीनेच शोधून, गाडी पाठवून आणलेले. लेखनिक एकेक शब्द टिपून घेत होता. साहेबाचा वर टाकलेला पाय खाली आला. तो वकिलाच्या कानाशी लागला, पण आता काय होणार?

पेंटर हरला. नाव कंपनीच्या हवाली करायचं, पान बंद करायचं, ते चिन्ह पुन्हा हातून काढायचं नाही, आणि कंपनीचा खर्च भरायचा. न्यायाधीशबाईंनी त्याला दटावलं, "तुमचं दुःख खरं असेल. पण दुसऱ्याच्या नावाचा मुखवटा घालून लोकांसमोर जाता येत नाही." पेंटरने मान खाली घातली. तो हसतोय हे कुणाला दिसू नये म्हणून.

साक्षींची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन मेहुणी बाहेर आली. ती नक्कल सरळ ग्राहक कोर्टात जायची होती, त्या शपथेच्या वाक्याला भेटायला. साहेब व्हरांड्यात वाट बघत होता.

"हे बघा," तो पेंटरला म्हणाला, "दोन्ही प्रकरणं आपसात मिटवून टाकू."

"मिटवू की," पेंटर म्हणाला. "आधी त्या दिवशीचं वाक्य एकदा म्हणा."

"कोणतं?"

"माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून म्हणाला होतात ते. फुलं मांडीवर होती तुमच्या."

साहेब आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"म्हणा ना," पेंटर म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी सुरू करून देतो. एकाही..."

साहेब जिन्याकडे वळला. पेंटर कठड्यावरून वाकला आणि साहेब गाडीत बसेपर्यंत बघत राहिला. पोटभर.

मेहुणीने त्याला बजावलं होतं. लिहायचंच असेल तर स्वतःच्या भिंतीवर, साध्या अक्षरात, चिन्ह नाही, रंग त्यांचा नाही, आणि भर कोर्टात बोललं गेलं तेवढंच. एक शब्द वर नाही. त्याने दुकानाच्या बाहेरच्या भिंतीला चुना दिला, शिडी लावली, काळ्या रंगात ब्रश बुडवला. आणि थांबला. कुणाचं अक्षर काढायचं हेच हाताला कळेना. समोर नमुना नव्हता. पहिला 'ऊ' त्याने दोनदा पुसला. तिसऱ्यांदा काढला तो थोडा डावीकडे कलला होता आणि पोटाला रुंद होता. त्याने तो तसाच राहू दिला.

सगळ्यात वर ऊबधाराचं नाव, मग कंपनीचं शपथेवरचं वाक्य, खाली चौघांनी सांगितलेलं. दुपार उतरेपर्यंत भिंत भरली.

झेरॉक्सवाला चहा घेऊन आला. मान वाकडी करून बघत राहिला. "हे कुठल्या कंपनीचं अक्षर?"

"माझं," पेंटर म्हणाला. कप त्याने शिडीपाशी ठेवून घेतला.

रस्त्यापलीकडे ऊबधाराचा विक्रेता दुकान उघडून बसला होता. तो बाहेर आला, डोळ्यांवर हात धरून भिंतीकडे बघू लागला. शिडी मध्ये येत होती. पेंटर खाली उतरला आणि त्याने शिडी बाजूला सरकवली, त्याला नीट वाचता यावं म्हणून.