तानाबाईंच्या दुधाचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. मला हात नाहीत, तोंड नाही. सी भाषेत लिहिलेल्या काही ओळी, एवढंच माझं अंग. कसबा बावड्याजवळच्या एका दूध संस्थेत मी वर्षानुवर्षं राबतो आहे. यंत्राने मोजलेली फॅट घ्यायची, तिच्याशेजारी नाव उतरवायचं आणि चिठ्ठी छापायची, हे माझं काम. "आमचा कॉम्प्युटर कुणाची भीड ठेवत न्हाय!" असं सचिव केरबा छाती फुगवून सांगायचे. मलाही बरं वाटायचं.

माझ्या मेमरीत नावासाठी ठरावीक घरं आहेत आणि त्यांना लागूनच फॅटचं घर. नाव कुठे संपलं हे मला कळावं म्हणून त्याच्या शेवटी खुणेचं एक शून्य ठेवावंच लागतं. पण नाव घरांत मावतं का, हे तपासायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.

यंदा दुसऱ्या एक तानाबाई सभासद झाल्या. नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं तेच. घोटाळा नको म्हणून केरबांनी जुन्या तानाबाईंच्या नावापुढे 'मळ्यातल्या' जोडलं. आपल्याकडे माणसं अशीच ओळखली जातात. पण त्यामुळे घरं खच्चून भरली, शून्याला जागा उरली नाही आणि ते शेजारी जाऊन बसलं. फॅटचा खरा आकडा अर्धवट पुसला गेला.

मळ्यातल्या तानाबाईंचं म्हशीचं दूध, एरवी सातच्या आसपास, आणि चिठ्ठीवर पाच पॉइंट बारा! रोज तेच. रांगेत कुजबुज सुरू झाली. शेवटी केरबांनी सगळ्यांदेखत तानाबाईंची किटली परत केली.

"जोतिबाची आण घेऊन सांगते, थेंबभर पाणी घातलं न्हाय."

"मग काय मशीन खोटं बोलतंय व्हय?"

त्या वेळी मला तोंड असायला हवं होतं, मित्रांनो. फार वाईट वाटलं.

तानाबाई किटली घेऊन दारातच बसल्या. "तपासा तुमचं मशीन. तवर मी हलत न्हाय."

केरबांनी नाइलाजाने संगणकाची देखभाल करणाऱ्या क्रांतीला बोलावलं. तिने चिठ्ठ्या पाहिल्या. "काका, वैरण बदलली की फॅट हलती. ह्यांचीच रोज एकसारखी कशी?" मग तिने त्याच किटलीतलं दूध यंत्राला दिलं आणि एकेका ओळीवर मला थांबवत माझी घरं पाहिली. नाव उतरवण्याआधी फॅट होती सात पॉइंट दोन. उतरवल्यावर पाच पॉइंट बारा. तिने घरं वाढवली, लांबी तपासणारी ओळ घातली आणि मी बरा झालो.

"मशिनची चूक हुती, वहिनी," केरबा खाली मान घालून म्हणाले.

"मशिनची असंल. पण चारचौघांत बोललं कोण?"

दुसऱ्या दिवशी केरबांनी भर रांगेत हात जोडले.

तानाबाई आजही दूध घालतात. पण पूर्वी चिठ्ठी न बघताच कनवटीला लावणाऱ्या त्या बाई आता यंत्रावरचा आकडा आणि चिठ्ठीवरचा आकडा ताडून पाहिल्याशिवाय जागच्या हलत नाहीत.

मित्रांनो, मला एका ओळीने दुरुस्त करता आलं. तानाबाईंचा विश्वास तसा दुरुस्त झाला नाही. म्हणून हात जोडून सांगतो, माणसाला खोटं ठरवण्याआधी एकदा माझ्या पोटात डोकावून बघत जा.