डोळ्याचा फोटो आन बायकोचं नाव

साखर हाय मला, म्हनून वर्सातनं एकदा डोळ्याचा फोटो काढाय येवल्याहून नाशकात यावं लागतं. गंगापूर रोडला दवाखाना हाय. औंदा डोळ्यात थेंब टाकले, दिवा चमकला, आन डॉक्टर मृण्मयीबाई काँप्युटरमधल्या त्या लाल गोळ्याकडं लय वेळ बघत बसल्या.

"पुंजाभाऊ, साखरेनं डोळ्याला काही केलेलं नाही. पण मागच्या पडद्यावरच्या ह्या बारीक रक्तवाहिन्या विरळ दिसतायत. हा पडदा म्हणजे मेंदूचाच भाग. पुढे विसरण्याचा आजार होईल का, ते यावरून आधी कळतं का, असा आमचा अभ्यास चाललाय. खात्री नाही अजून. चार प्रश्न विचारू?"

"इचारा. पन पैठणी विणताना मोराचं एक पीस चुकलं नाय माझं चाळीस वर्सात."

"बाकीचं काय काय चुकलं ते मी सांगते," संगं आलेली बायको म्हनली. बाई हसल्या.

वार सांगितला. साल सांगितलं. मग त्यांनी इचारलं, "पत्नीचं नाव?"

आता आमच्यात बायकोला नावानं कोन हाक मारतो? अगं ए, नायतर ज्ञानेशची आई. मी लाजल्यावानी हसलो. पन लाजलो नव्हतो. नाव येतच नव्हतं. बाई थांबलेल्या, म्हनून जे तोंडात आलं ते बोललो, "गोदावरी."

"बराब्बर," बायको लगेच म्हनली. "माहेरचं नाव हाय माझं."

बाईंनी टिक केली.

जिन्यात मी थांबलो. गोदावरी माझी बहीन, जाऊन अकरा वर्सं झाली. हिचं माहेरचं नाव सुभद्रा. ते आठवलं. लग्नात ठेवलेलं आत्ताचं नाव तवाबी नाय.

"खोटं कामून बोललीस?"

"मग काय करू? हे कागदावर चढलं की मालक मागावर बसू दील का तुमाला?"

"कधीपासनं झाकतीस?"

ती पदराशी चाळा करत राह्यली. "दिवाळीपासनं. दोनदा मोर उकलून नीट केला मी, तुमी जेवाय गेल्यावर."

कठड्याला धरून हुबा राह्यलो.

"चला आता, एस्टी जाईल," ती म्हनली.

मी परत वर चढलो.

"म्याडम, ती टिक खोडा. ते नाव माझ्या बहिनीचं हाय."

बाईंनी खुर्चीत बसवलं, टिक खोडली, आन पुन्यांदा तेच इचारलं. मी बायकोकडं पाह्यलं. तिनं पदर तोंडात धरला व्हता. या टायमाला बोलली नाय.

"सावित्री," मी म्हनलो. बायकोनं तोंडातला पदर सोडला, हळूच मान हलवली.

बाई बरोबरबी म्हनल्या नाय, चूकबी नाय. घड्याळाकडं बघून किती वेळ लागला ते लिहून घेतलं.