चोवीस नावं बरोबर

माझ्या खाणावळीत घास घेण्याआधी देवाची चोवीस नावं म्हणायची, हा माझा नेम. जळगावात कॉलेजला शिकणारी आठ मुलं माझ्याकडे जेवत. पहिल्या महिन्यात अडखळत, मग त्यांच्या तोंडी ती आपोआप येत.

त्या दिवशी हुतूतूच्या सरावात लीलाधर पडला. पकड करताना कप्तान रतिलालचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. थोडा वेळ शुद्ध नव्हती म्हणे. कांदा हुंगवला, तोंडावर पाणी मारलं आणि रतिलालनं त्याला सायकलवर बसवून माझ्याकडे आणलं.

“काही नही जयं, अक्का. बठ्ठं ठीक शे.” रतिलाल धरणगावचा, घाबरला की घरची बोली बाहेर येई. “सगळं ठीक आहे. उद्या धुळ्याला फायनल. हा नसला तर चढाई कोण करणार? याचे वडील केळीची कामं टाकून रावेरहून बघायला येणार आहेत.”

मी लीलाधरला पाटावर बसवलं. “नावं म्हण बरं.”

केशवापासून श्रीकृष्णापर्यंत त्यानं एका दमात म्हटली. एकही मागेपुढे नाही. मला वाटलं, डोकं जागेवर आहे.

“न्या उद्या,” मी म्हटलं. रतिलाल शीळ घालत खेळाच्या सरांना सांगायला गेला.

लीलाधर भरीत-भाकरी जेवला, हात धुऊन आला आणि पुन्हा पाटावर बसला.

“अक्का, वाढता ना?”

“खादाडा, आत्ता तर तीन भाकरी खाल्ल्यास!”

“मी? कधी?”

चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मला भीतीच्या आधी नवल वाटलं. म्हटलं, “तीन शब्द ध्यानात ठेव. कोयता, जास्वंद, वरणगाव.” तुळशीपाशी दिवा लावून परत आले नि ते शब्द विचारले.

“कसले शब्द, अक्का?”

पुन्हा नावं म्हणवली. चोवीसच्या चोवीस बरोबर! दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकलेलं सगळं आत आणि मघाची भाकरी गायब. जुनं आणि नवं माणसाच्या डोक्यात वेगळ्या फडताळांत राहतं की काय? देवानं असं का केलं असेल, तेच मनात घोळत होतं. शेजारच्या कुंदाबाईला त्याच्याजवळ बसवलं आणि सरांचं घर गाठलं. रतिलाल तिथेच होता.

“सर, मघा मी हो म्हटलं, ते चुकलं. तो झोपेतही म्हणेल तेच मी त्याला विचारलं.”

रतिलाल उसळला. “देवाची नावं म्हणवून घेतली आणि आता फिरता? तुम्ही काय डॉक्टर आहात?”

“नाही रे. डॉक्टरांना सर बोलावतील. तू फक्त चल आणि त्याला काहीतरी विचार. पण आजचंच.”

दोघं माझ्याबरोबर आले. लीलाधर भिंतीला टेकून बसला होता. रतिलालनं विचारलं, “लीला, तुला कुणाचा गुडघा लागला?”

“कसला गुडघा? आज सराव होता?”

रतिलालनं त्याच्या कानशिलाला हात लावून पाहिला. सर डॉक्टरांना बोलवायला निघाले.

“सर, राखीव गड्याला, पुनाला तयार राहायला सांगा,” रतिलाल म्हणाला.

“माझ्या जागी पुना?” लीलाधर कडाडला. “त्याला धड दम तरी धरता येतो का? माझे वडील येणार आहेत, रतिलाल!”

“त्यांना धुळ्याच्या स्टँडवर मी गाठतो. गुडघा माझा होता, लीला. मीच सांगतो.”